कानात गाणं, हातात पुस्तक

हैदराबादला शिकायला गेलेली आपल्या देगलूर-बिलोलीकडची मुलं दिवाळीला घरी आली की आईबापांची एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, पोरगं पुस्तक उघडतंय अन् कानात इअरफोन घालून बसतंय. असा कुठं अभ्यास होतो का?" मुलाला विचारावं तर तो म्हणतो, "गाणं लावल्याशिवाय मनच लागत नाही. आणि गाणी तेलुगू असतात मॅडम, मला कुठं सगळं कळतंय!"

वाचकहो, दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. डोळ्यांसमोर येणारे नऊ आकडे क्रमाने लक्षात ठेवायचे, आणि मागे संगीत चालू. शब्दांचं गाणं चालू असताना जास्त चुका झाल्या, नुसत्या वाद्यसंगीताने त्यामानाने कमी. परक्या भाषेतलं बोलणंही असंच आड येतं, हे त्याआधीच दिसून आलं होतं. पाठ करताना आपण शब्द मनातल्या मनात म्हणत असतो. कानातून येणारे शब्द नेमके तिथंच घुसतात, मग अर्थ कळो वा न कळो. तेव्हा तेलुगू कळत नाही, ही सबब चालायची नाही.

पण मुलाची बाजूही ऐका. अमीरपेठ, दिलसुखनगर भागातल्या हॉस्टेलात एका खोलीत तिघंचौघं राहतात. एक घरी फोनवर बोलतोय, दुसरा मोबाईलवर क्रिकेट बघतोय, खाली रस्त्यावर हॉर्न. अशा ठिकाणी कानातलं गाणं ही चैन नसते, ती त्या मुलाने स्वतःपुरती उभी केलेली भिंत असते. स्पर्धा परीक्षांची मुलं चिक्कडपल्लीच्या सरकारी ग्रंथालयात दिवसदिवस बसतात, ती काही केवळ पुस्तकांसाठी नाही. शांतपणे बसायला जागा मिळते, म्हणूनही बसतात.

मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगते. पाठांतर, वाचन, उत्तर लिहिणं या वेळी गाणं बंद. वही उतरवायची आहे, आकृत्या काढायच्या आहेत, तर हळू आवाजात सतार-बासरी चालेल. आणि तासभर नीट अभ्यास झाला की दहा मिनिटं आवडीचं गाणं पुस्तक मिटून ऐका. गाण्यालाही अर्धं लक्ष देऊ नये.

पालकांनाही एक विनंती. हैदराबादला खोली बघताना भाडं आणि मेस विचारता, तसं ग्रंथालय किती लांब आहे तेही विचारा. आणि मुलगा सुट्टीत घरी अभ्यासाला बसला की त्याच्या कानातला इअरफोन ओढण्याआधी बैठकीतला टीव्ही बंद करून पाहा. कदाचित इअरफोन तो आपणच काढून ठेवील.