माळ्यावरची कट्यार

सोयगावजवळ वेताळवाडीचा किल्ला. अशा मुलखात जुन्या घरात एखादी कट्यार निघाली तर भांड्यासारखी विटकरीच्या पुडीने घासू नका. पाते जौहरदार पोलादाचे असेल तर त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. घासून ती पुसट होते, पण मुरलेली असते पोलादातच; जुने कारागीर हिराकसाच्या पाण्याने ती पुन्हा वर आणत. जावा बेटात क्रिस कट्यारीला यासाठी लिंबाच्या रसात सोमल कालवून लावतात. सोमल म्हणजे जहर! घरात पोरेबाळे असताना असला प्रयोग नकोच. आपण शिलाई मशीनचे तेल लावून मऊ चिंधीने गंज पुसावा, एवढे पुरे. आणि ‘भट्टीत तापवून नवी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पाते देऊ नये. प्रमाणाबाहेर तापवले, की ती नक्षी हिराकसानेही परत येत नाही.