खोंड कोणाच्या दावणीचा?

वाचकहो, मार्गशीर्ष लागला की आमच्या भागातल्या माणसाचे पाय आपोआप यात्रेकडे वळतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुढे पौषात खरसुंडी. देवदर्शन तर असतेच, पण शेतकऱ्याची नजर असते ती जनावरांच्या तळावर. खिल्लार कुठे कसे उतरले आहे, कोणाच्या खोंडाची पाठ सरळ आहे, कोणाची शिंगे जुळली आहेत, याची चर्चा महिनाभर पुरते. आमच्या या पानालाही त्या दिवसांत विसावा नसतो. जनावरांच्या प्रदर्शनाचे निकाल आणि बक्षीस घेतानाचे फोटो येतात, ते आम्ही छापतो आणि पुढच्या बातमीला लागतो.

असाच एक फोटो आम्ही २०२४ च्या आरंभी छापला. दुसा गटात पहिला आलेला खिल्लार खोंड, गळ्यात हार, पाठीवर झूल आणि कासरा धरून उभा असलेला मालक. फोटो बरा आला होता. चार दिवसांनी कचेरीत एक पत्र आले. वहीचे पान, निळी शाई, अक्षर शाळेतल्या मुलीचे. मजकूर थोडा होता. ‘तुम्ही छापलेला खोंड आमचा आहे. कपाळावरचा भोवरा डाव्या बाजूला आहे बघा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर खाली लिहिला आहे, ताडून बघा. नाव चुकले आहे ते नीट करावे.’ खाली बारा आकडे मांडले होते.

आम्हांला आधी वाटले, फोटो बदलला असेल. आमच्या बातमीदाराने चौकशी केली. बिल्ल्याचा नंबर तंतोतंत जुळला. बक्षीस घेणारा गृहस्थही सरळ माणूस. तो म्हणाला, ‘खोंड मी महिन्यापूर्वी इकत घेतलाय. त्यात काय लपवायचं? अर्जावर मालकाचं नाव इचारलं, ते मी दिलं.’ म्हणजे नाव चुकले नव्हते, छापण्यातही चूक नव्हती. तरीही त्या मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. आज हा लेख त्यासाठीच लिहीत आहोत. यात्रा कमिट्यांच्या बैठका सुरू होण्याआधी त्याचा विचार व्हावा, एवढी इच्छा आहे.

त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. नावे मुद्दाम देत नाही, त्यांनाही ती नको आहेत. माणदेशातले साधे घर. पाच एकर रान, त्यातले निम्मे माळाचे, एक विहीर, तीही मार्चनंतर तळ दाखवणारी. घरात आजी, नवरा-बायको, कॉलेजात जाणारा थोरला आणि ही धाकटी. दावणीला दोन संकरित गायी आणि एक खिल्लार गाय. संकरित गायींचे दूध डेअरीला जाते, दर दहा दिवसांनी बिल येते, त्यावर घर चालते. खिल्लार गाय मात्र आजीची. तिच्या माहेराकडच्या गायीचा हा वंश. दूध दोन वेळचे मिळून दोन-अडीच लिटर, तेही वासरू पाजून उरेल तेवढेच. थोरला एकदा म्हणाला होता, ‘आजी, हिला इकून तिसरी संकरित आणू या.’ आजीने उत्तर दिले नाही. दोन दिवस त्याच्याशी बोललीच नाही, म्हणतात.

२०२१ च्या भाद्रपदात त्या गायीला हा खोंड झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. २०१४ पासून बंद असलेल्या शर्यती सुरू झाल्या आणि खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठानेही राज्याचा कायदा उचलून धरला. मधली काही वर्षे ज्यांनी खिल्लार गाय दावणीला टिकवली, त्यांना वेडे म्हणणारे लोक आता त्यांच्याच दारात येऊन ‘गाभण आहे का?’ विचारू लागले.

पण हे सरळ घडले नाही. २०२२ साली लंपीची साथ आली. सप्टेंबरात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद झाली. या घरातली खिल्लार गाय साथीत सापडली. अंगभर गाठी, पाय सुजलेले, चारा सोडलेला. जनावरांचे डॉक्टर रोज येत होते. पण रात्री उठून जखमांवरच्या माश्या वारणे, कोमट पाणी पाजणे, तिला कुशीवरून वळवणे हे काम आई आणि धाकटी करीत होत्या. खोंड दूर रानातल्या छपरात बांधला होता. त्याला लस टोचली तेव्हाच कानात पिवळा बिल्ला आला. पोरीने तो नंबर वहीत लिहून ठेवला, तोच हा नंबर. गाय वाचली, पण दोन महिने दुधाचा थेंब नव्हता. शेजारच्या दोन दावणी त्या साथीत मोकळ्या झाल्या.

पुढे खोंड वाढू लागला तशी घराची हौसही वाढली. पहाटे भरडा, सरकी पेंड, शाळूचा कडबा कुट्टी करून, जमेल तेव्हा हिरवा मका. पोरीच्या वहीत सगळा हिशेब आहे. शेवटच्या सहा महिन्यांत नुसत्या खुराकाला दिवसाला शंभराच्या आसपास रुपये गेले. शाळेतून आल्यावर ती त्याला कासऱ्यावर चालवायची, माणसांच्या गर्दीत उभे राहण्याची सवय लावायची. ज्यांनी जनावर वाढवले आहे त्यांना सांगायला नको, की प्रदर्शनात शांत उभा राहणारा खोंड एका दिवसात तयार होत नाही. ढोल वाजला तरी न बुजणारे जनावर म्हणजे कोणीतरी वर्षभर त्याच्याजवळ उभे राहिलेले असते.

मार्गशीर्षात टेम्पो ठरवून सगळे घर यात्रेला गेले. तीन रात्री तळावर काढल्या. कडब्यावर घोंगडे, उशाला पेंडीचे पोते, सकाळी चुलीवर पिठले-भाकरी. प्रदर्शनाच्या दिवशी दात उघडून पाहिले. दोन दात नुकतेच आलेले, म्हणून दुसा गट. पंचांनी उंची, छाती, पाठ, खूर, शेपटीचा गोंडा, कातडीची चकाकी पाहिली. खोंडाला तिसरा क्रमांक मिळाला. घर खूश होते. त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक आले. रुमालाखाली बोटे धरली गेली, हेड्याने आपली दलाली घेतली आणि खोंड लाखाच्या पुढे गेला. विहिरीच्या मोटारीचे आणि पतसंस्थेचे देणे होते, ते फिटले. विकणे चुकीचे होते असे त्या घरात कोणीही म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरी खोंड विकण्यासाठीच वाढतो. पोर टेम्पोत बसून रडली, एवढेच.

महिन्याभराने दुसऱ्या यात्रेत तोच खोंड पहिला आला. आणि त्या सगळ्या निकालात, त्या सगळ्या बातमीत, जिथे तो जन्मला त्या दावणीचा, ज्या गायीने तो दिला त्या गायीचा आणि ज्या माणसांनी त्याला सव्वादोन वर्षे वाढवले त्यांचा उल्लेख एका अक्षराने नव्हता.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, विकले म्हणजे विकले. घर विकल्यावर गवंड्याचे नाव कोण विचारतो? हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. प्रदर्शन कशासाठी भरते? नुसते तमाशासारखे बघण्यासाठी नव्हे. चांगले जनावर कोणते, ते कोणत्या वंशातून येते आणि तसे आणखी कोठे मिळेल, हे दहा गावच्या शेतकऱ्यांना कळावे म्हणून ते भरते. पहिला आलेला खोंड उद्या वळू म्हणून वापरला जाईल. त्याची आई किती दूध देते, दर वर्षी विते का, लंपीतून तगली का, स्वभावाने कशी आहे, हे कोणी विचारणार की नाही? मालकाचे नाव विचारून यातले काहीच कळत नाही. ते कळते फक्त पैदास करणाऱ्याच्या घरी.

दुसरी गोष्ट पैशाची. पहिल्या नंबराचा मान ज्याला मिळतो त्याच्या दारात पुढचे गिऱ्हाईक येते. या घरातल्या गायीला पुन्हा वासरू होईल. ‘त्या पहिल्या आलेल्या खोंडाचा सख्खा भाऊ’ म्हणून त्याला दोन पैसे जास्त मिळाले, तर ती गाय दावणीला राहील. नाही तर थोरल्याचे म्हणणे खरे ठरेल आणि तिच्या जागी तिसरी संकरित गाय येईल. त्यात थोरल्याचा दोष नाही. दहा दिवसांनी बिल देणारी गाय आणि दोन वर्षांनी एकदा पैसे देणारी गाय यांत गरजेचा माणूस कोणती निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हेच चित्र देशभर दिसले. गोवंशाची एकूण संख्या १९ कोटी २५ लाखांच्या घरात, म्हणजे आधीपेक्षा किंचित वाढलेली. पण देशी जनावरे ६ टक्क्यांनी घटली आणि विदेशी-संकरित जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली. खिल्लाराचे खोंड शर्यतीमुळे महाग झाले याचा आनंद जरूर मानावा. पण खोंड आभाळातून पडत नाही. गाय राहिली तर खोंड. आणि आज मान सगळा खोंडाला, गायीच्या वाट्याला गोठ्याचा अंधार, अशी स्थिती आहे.

यावर उपाय फार मोठा नाही. त्यासाठी नवे अनुदान नको की नवे खाते नको. प्रदर्शनाच्या अर्जावर एक रकाना वाढवावा: ‘जनावर कोणाच्या दावणीला जन्मले’. खरे-खोटे कसे कळणार, अशी शंका पूर्वी काढता आली असती. आता कानातला बारा आकडी बिल्ला आहे. २०२४ पासून राज्यात खरेदी-विक्रीसाठी तो सक्तीचाही झाला आहे. ज्या घरी बिल्ला मारला, त्या घराची नोंद संगणकावर होते. त्यासाठी घरोघरी फिरावे लागत नाही, नंबर घालून पाहावा लागतो. एका शाळकरी पोरीला जे सुचले, ते कमिट्यांना सुचायला हरकत नाही.

दुसरे, प्रत्येक गटात बक्षीस मालकाला द्यावेच, त्याबरोबर एक नारळ, एक फेटा आणि एक प्रशस्तिपत्र पैदास करणाऱ्या घराला द्यावे. विकत घेणाऱ्याने पैसा घातलेला असतो, नजर वापरलेली असते, त्याचा मान कमी करावा असे आमचे म्हणणे नाही. ताटात वाढलेले काढून घ्यायचे नाही, शेजारी आणखी एक पान मांडायचे आहे.

तिसरे, ‘घरच्या दावणीचे’ असा एक वेगळा गट ठेवावा. अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जत्रा भरतात. तिथे ४-एच या संस्थेची शाळकरी मुले आपली वासरे, मेंढरे, डुकरे घेऊन उतरतात. त्यांना एक अट असते. जनावर ठरावीक तारखेच्या आधीपासून मुलाच्या ताब्यात असले पाहिजे आणि ते त्याने स्वतः सांभाळलेले असले पाहिजे. आदल्या आठवड्यात विकत आणलेले चालत नाही. तिथल्या बऱ्याच प्रदर्शनांत स्वतः पैदास केलेल्या जनावरांचा निराळा गटही असतो. आपल्याकडे तर खुराकाची वही ठेवणाऱ्या मुली घरोघर आहेत. त्यांना उभे राहायला एक जागा द्या.

आणि चौथे, गाय-वासरू जोडीचा गट सगळ्या यात्रांत असावा, आणि तो दुपारच्या उन्हात उरकण्याऐवजी मुख्य मैदानात घ्यावा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी पाहायला लोक लांबून येतात. तिकडच्या कमिट्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. जात कोणतीही असो, तिचे मूळ गायीकडे आहे.

आता आमच्याबद्दल. पोरीच्या पत्राला आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. ‘छापण्यात चूक नाही’ असे म्हणून पत्र टाचणीला लावून ठेवले. चूक होती. बातमीदाराने मालकाला ‘खोंड घरचा की विकतचा?’ हा एक प्रश्न विचारला असता, तर बातमीत अर्धी ओळ वाढली असती आणि ती खरी बातमी झाली असती. येत्या यात्रांपासून या पानावर बक्षीसपात्र जनावराच्या फोटोखाली मालकाच्या नावाबरोबर जन्माच्या दावणीचे गाव आणि घर छापले जाईल. कमिट्यांनी रकाना वाढवो वा न वाढवो, आमचा बातमीदार ते विचारील. ज्या वाचकांनी खोंड विकला असेल त्यांनी बिल्ल्याचा नंबर आणि गाव एका कार्डावर लिहून कचेरीत धाडावे.

निघताना आजीने गाय दाखवली. लंपीच्या गाठींचे वण अजून पाठीवर आहेत. गाय पुन्हा गाभण आहे. आम्ही म्हणालो, ‘आजी, यंदा खोंड झाला तर इकणार का?’ आजी म्हणाली, ‘इकायचा तर हायच. पण कुणाचा म्हून इकायचा, ते तुमी लिवा.’

आम्ही लिहिले आहे. आता कमिट्यांनी रकाना वाढवावा.