हेड घासण्याआधी मोजा

राजदूत ३५० ला मोठा बोअर मारला की लगेच हेडही घासून घ्यायचं, हा टू-स्ट्रोकच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींचा नेमच होऊन बसला आहे. त्यामागे तीन कारणं सांगितली जातात. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते. यामाहाच्या बॅन्शी या एटीव्हीवर परदेशात हेच करतात आणि तिचं इंजिन राजदूतच्या भावकीतलं आहे. शिवाय आता १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, मग भीती कसली? तिन्ही गोष्टी ऐकायला पटतात. पण तिन्ही अर्धवट आहेत, आणि वाराणसीत भर मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याला महागात पडणाऱ्या आहेत.

कॉम्प्रेशनने ताकद वाढते हे खरं. पण बोअर मोठा केला की कॉम्प्रेशन आपोआप वाढतं, हा हिशेब कोणी मांडत नाही. राजदूतचा मूळ बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. म्हणजे एका सिलिंडरचे १७३.७ सीसी. उदाहरणादाखल हेडची पोकळी २२ सीसी धरू. पूर्ण स्ट्रोकवरचं कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ८.९ येतं. बोअर ६६ मिमी केला की सिलिंडर १८४.७ सीसीचा होतो आणि हेडला हातही न लावता गुणोत्तर ९.४ वर जातं. त्यावर हेड १ मिमी घासलं, तर पोकळीतले सुमारे ३.४ सीसी जातात आणि आकडा थेट १०.९ होतो. एवढं करूनही वरच्या आरपीएमला फायदा होईलच असं नाही. कॉम्प्रेशन जास्त असलं की बाहेर पडणारा वायू तुलनेने थंड असतो, सायलेन्सरमधल्या दाबाच्या लहरी मंदावतात आणि गाडी वर लवकर दमते.

आता बॅन्शीचा दाखला. बोअर-स्ट्रोक तोच, ३४७ सीसीही तेच. पण बॅन्शीला पाण्याचं कूलिंग आहे, राजदूतला फक्त हवेचं. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना वाराणसीतल्या गोदौलिया चौकाच्या कोंडीत गाडी रखडली, की फिन्सना वारा मिळतच नाही. त्यातून गावाच्या उंचीचाही फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर वाराणसी जेमतेम ८० मीटरवर. तिथे हवेचा दाब पाच-सहा टक्के जास्त. पुण्यात जेमतेम निभावलेलं हेड तिथे नॉकिंग करू शकतं, म्हणजे कडेचं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटू शकतं.

राहिलं पेट्रोल. ऑक्टेन स्वतः ताकद देत नाही. ते फक्त नॉकिंग लांबवतं. १०० ऑक्टेन प्रत्येक पंपावर मिळत नाही, आणि त्याच्याच भरवशावर बांधलेलं इंजिन लांबच्या प्रवासात साधं पेट्रोल पचवू शकत नाही. वीस टक्के इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं हे खरं, पण कार्बोरेटरचा जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन अधिक तापतो.

मग करायचं काय? कॉम्प्रेशन गेजच्या एका आकड्यावर विसंबू नये. एक्झॉस्ट पोर्टची उंची आणि किकचा वेग बदलला की तो आकडाही बदलतो. प्लग बसवून हेड उलटं ठेवा, मधोमध भोक असलेली काच ग्रीस लावून वर बसवा आणि ब्युरेटमधून पातळ तेल सोडत पोकळी किती सीसीची आहे ते पाहा. दोन्ही सिलिंडरची पोकळी सारखीच हवी. मग प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार पिस्टन-पिनच्या रेषेत कडेपर्यंत घालून इंजिन हाताने फिरवा. चेपलेल्या टोकाची जाडी म्हणजे तुमचा स्क्विश, पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली फट. तो १ ते १.२ मिमीच्या आसपास आणायचा आणि त्यामुळे वाढलेलं कॉम्प्रेशन लेथवर मधली वाटी मोठी करून परत उतरवायचं. वरच्या उदाहरणात मूळचं ८.९ राखायला पोकळी २३.४ सीसी हवी, म्हणजे २२ पेक्षा जास्त. घट्ट स्क्विशमुळे मिश्रण घुसळलं जातं, ज्वाला झपाट्याने पसरते आणि कडेचा वायू आपोआप पेटायला उसंत मिळत नाही. ताकदही मिळते आणि पिस्टनही वाचतो.

नंतर प्लग काढून बघत राहा. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसले, किंवा पिस्टनची कड वाळूने टोचल्यासारखी खडबडीत झाली, तर नॉकिंग सुरू झालंच आहे. तेव्हा कॉम्प्रेशन उतरवायला लाजू नये.

राजदूत ३५० चं उत्पादन १९९० च्या सुमारास थांबलं. सिलिंडरला मर्यादेपलीकडे बोअर मारता येत नाही आणि फुटलेल्या पिस्टनबरोबर बहुधा सिलिंडरही जातो. म्हणून कारागिराकडून ‘किती घासलं’ एवढंच ऐकून परतू नका. पोकळी किती सीसी उरली, स्क्विश किती आला आणि गाडी कुठल्या गावच्या उन्हात, कुठल्या पेट्रोलवर चालणार याचा विचार झाला का, हे तीन प्रश्न विचारा. ज्याच्याकडे त्यांची उत्तरं आकड्यांत आहेत, त्याच्याच हाती हेड द्या.