फवारणीचा रुग्ण मोजायचा कुणी?

हा अंक हाती येईल तेव्हा आर्णी तालुक्यातली कपाशी गुडघ्याच्या वर गेलेली असेल आणि कृषी केंद्रांपुढची गर्दी बियाण्यांवरून औषधांकडे वळलेली असेल. आधी मावा-तुडतुडे, मग पांढरी माशी, पोळ्याच्या सुमारास बोंडअळी. फवारणी अशी थेट ऑक्टोबरपर्यंत चालते. डोळे चुरचुरतात, मळमळते, गरगरते म्हणून या दिवसांत दवाखान्यात येणारा माणूस अरुणावतीकाठच्या प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा आहे. त्याला सलाईन लागते, उलटीचे इंजेक्शन मिळते, संध्याकाळी तो घरी जातो आणि एक-दोन दिवसांत पुन्हा पंप पाठीवर घेतो. त्याची नोंद कुठे होते? बहुतेक वेळा कुठेच नाही, आणि विषबाधेच्या प्रतिबंधाचे घोडे नेमके इथे पेंड खाते.

२०१७ची आठवण या भागातल्या डॉक्टरांना करून द्यायला नको. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ८००हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, म्हणजे फवारा थेट तोंडावर. बोंडअळी बीटी वाणाला जुमानेनाशी झाली होती, त्यामुळे फवारण्या वाढल्या आणि एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळली जाऊ लागली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन ही नावे तेव्हा गावोगाव ऐकू आली. हे सारे पुढे अहवालांत आलेच. आम्हाला बोलायचे आहे ते तारखांबद्दल. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते. राज्यभर गाजावाजा झाला तो सप्टेंबर सरता सरता. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळसह पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली ती नोव्हेंबरात, म्हणजे कापूस वेचणीला आल्यावर.

एवढा उशीर का झाला, याला शासनाच्या सुस्तीपलीकडेही कारण आहे. आर्णी, दिग्रस, घाटंजीच्या दवाखान्यांत जे आधीच दिसत होते, ते एका ठिकाणी गोळा होत नव्हते. वाटेतल्या प्रत्येकाने आपापला रुग्ण पाहिला, सांभाळला, जमले नाही तर ४० किलोमीटरवरच्या यवतमाळला पाठवला. साथ कुणालाच दिसली नाही.

ही नोंद घेण्याची तरतूद कायद्यात नाही असेही नाही. कीटकनाशके अधिनियम १९६८च्या कलम २६ प्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून, कीटकनाशक वापरताना वा हाताळताना झालेली प्रत्येक विषबाधा ठरावीक अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन कुठल्याही वर्गाच्या व्यक्तींवर घालू शकते. लगेच पुढचे कलम २७, ज्याखाली ६० दिवसांची विक्रीबंदी येते. कायदा करणाऱ्यांनी ही दोन कलमे शेजारी ठेवली ते योग्यच केले. आधी कळले पाहिजे, मग थांबवता येईल. पण २६ मध्ये ‘करू शकते’ आहे, ‘करील’ नाही.

सर्पदंशाचे उदाहरण ताजे आहे. कर्नाटकाने २०२४च्या सुरुवातीला सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना तसे करायला सांगितले. शेतात साप चावलेला माणूस आकड्यांत येऊ शकतो, तर त्याच धुऱ्यावर औषध अंगावर सांडलेला का नाही? सर्पदंशाच्या आकड्यांतून प्रतिविष कुठे कमी पडते ते कळते. फवारणीच्या आकड्यांतून तर त्याहून अधिक कळेल: कोणते औषध, कोणते मिश्रण, कोणता आठवडा.

प्रतिबंधाची आपल्याकडची रीत वेगळीच आहे. फलक लागतात, पत्रके वाटली जातात, किट दिली जातात. तोंड बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा. सल्ला चुकीचा नाही. पण भाद्रपदातल्या दमट उन्हात, चिखलात, गळका पंप पाठीवर घेऊन प्लास्टिकचा डगला घालून कुणी चार तास काम करून दाखवावे. शिवाय मजुरी पंपामागे ठरली असेल, तर दम खायला थांबणे म्हणजे पैसे सोडणे. २०१७ मध्येही बोलण्याचा रोख फिरून फिरून मजुराच्या निष्काळजीपणावर येत होता. व्यवसायजन्य आरोग्याचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा, संरक्षक पोशाख हा उपायांच्या उतरंडीत सर्वांत खाली असतो. सर्वांत वर असते ते धोक्याची वस्तूच काढून टाकणे.

इथे एका लहानशा आखाती देशाकडे पाहण्याजोगे आहे. कतारमध्ये बांधकामावरच्या मजुरांना उन्हाचा फटका बसतो हे जुने दुखणे. २०२१च्या नियमाने तिथे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम बंद केले. आणि उष्णता व दमटपणा एकत्र धरणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला, तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचे. पाणी पीत जा, डोके झाका, हेही सांगतात. पण भिस्त मजुराच्या सावधपणावर नाही, काम थांबवण्याची जबाबदारी मालकावर आहे. कतारचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परदेशी मजुरांच्या मृत्यूंची कारणे नीट न शोधल्याबद्दल त्या देशावर कडक टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याच वर्षी तिथल्या कामावरच्या अपघातांचा आढावा काढला, तो कशाच्या आधारे? रुग्णालये आणि दवाखान्यांच्या नोंदींच्या. २०२०चे ५० मृत्यू आणि ५०० हून अधिक गंभीर जखमी हा आकडा तिथून आला. नोंदींत कुठे भोके आहेत हेही त्या आढाव्यानेच दाखवले.

आपल्या शेतावर मालक आणि मजूर यांच्यातली रेषा इतकी सरळ नाही. दोन एकरवाला स्वतःच फवारतो आणि शेजाऱ्याकडे रोजानेही जातो. त्याला घड्याळ लावून थांबवायला निरीक्षक कुठून आणणार? म्हणून आपल्याला कतारपेक्षा श्रीलंकेचा रस्ता जवळचा. तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या वर्गातली अतिविषारी कीटकनाशके १९९५ मध्ये, तर एंडोसल्फान १९९८ मध्ये बाजारातून बाहेर काढले. १९९५ मध्ये लाखामागे ४७ असलेले आत्महत्यांचे प्रमाण २००५ पर्यंत २४वर आले. विष प्यायलेल्यांच्या नोंदी रुग्णालयांनी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या, कोणत्या औषधाने किती मरतात हे ठाऊक होते. म्हणून बंदी अचूक जागी बसली. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसचेच पाहा. २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावी शाळेच्या जेवणातून २३ मुले गेली, २०१७ मध्ये यवतमाळ झाले, आणि त्याच्या ३६ एसएल या प्रकारावर बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये, तोही उरलेला साठा खपवायला मुदत देऊन. त्याच्या जागी काय आले, हे दुकानदाराला माहीत आहे. आरोग्य खात्याला माहीत आहे का?

तर मग दवाखान्याने काय करायचे? उपचाराबद्दल थोडक्यात. आधी कपडे काढून साबणाने अंघोळ, मग सलाईन. घामाने आणि औषधाने भिजलेला सदरा अंगावर असेल तर विष आत जातच राहते. ॲट्रोपिनचा अंदाज बाहुल्यांवरून नको, छातीतली घरघर आणि नाडी यांवरून घ्या, आणि गंभीर रुग्णात दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करा. आपल्या अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते. एका रुग्णाला डझनांनी लागतील हे धरूनच साठा ठेवावा. बरा वाटलेला रुग्ण एक ते चार दिवसांनी मान उचलेनासा होऊ शकतो, श्वास बंद पडू शकतो, म्हणून संध्याकाळी घरी पाठवताना दहादा विचार करा. आणि प्रत्येक फवारणीचा रुग्ण ऑर्गनोफॉस्फेटचा नसतो. डायफेन्थियुरॉनला उतारा नाही. तिथे ॲट्रोपिन ओतत राहून नुकसानच होईल. म्हणून नातेवाइकाला आधी बाटली नाहीतर पाकीट आणायला पिटाळावे. कोलिनेस्टरेजची तपासणी यवतमाळला नसल्याकडे २०१७च्या विशेष तपास पथकाने बोट दाखवले होते. ग्रामीण रुग्णालयातून रक्ताचा नमुना कुठे आणि कसा पाठवायचा, हे हंगामाआधी विचारून ठेवलेले बरे.

आता नोंद. पोलिसांना कळवले की आपले काम झाले असे बहुतेकांना वाटते. पण पोलिसांचा प्रश्न गुन्हा घडला का हा असतो, आरोग्य खात्याचा प्रश्न उद्या कोण आजारी पडणार हा. शिवाय फवारणीचा सौम्य रुग्ण पोलिसांपर्यंत जातच नाही, आणि ‘विष घेतले’ असा शेरा मारलेला केसपेपर अपघात आणि आत्महत्या यांची सरमिसळ करून टाकतो. प्यायला की फवारताना लागले, हे तिथेच, त्याच दिवशी लिहिले नाही तर नंतर कुणालाही सांगता येणार नाही. नुकसानभरपाईच्या वेळी याच एका ओळीवर घरच्यांचे भांडण अडते.

शेवटच्या पानावर आम्ही एक नमुना छापला आहे. कापून झेरॉक्स काढावी आणि जुलै ते ऑक्टोबर दर सोमवारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी. अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. नाव-पत्ता त्यात मागितलेला नाही. गाव, वय, पीक, औषधांची नावे, किती औषधे एका पंपात, पंप हाताचा की बॅटरीचा, शेत स्वतःचे की रोजाने, दाखल केला की घरी पाठवला, एवढेच. संरक्षक पोशाख घातला होता का, हा रकाना आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. तो असला की उरलेले रकाने कुणी वाचत नाही.