‘नंबर आला का?’

शेजारची मुलगी बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकते. गेल्या हिवाळ्यात तिचं पोस्टर ‘आविष्कार’च्या जिल्हा फेरीत निवडलं गेलं. विद्यापीठांच्या या संशोधन महोत्सवात जिल्हा, विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्या चढायच्या असतात. दुकान सोडून अब्बूंना निघता येईना, एकटीला पाठवायला अम्मी तयार होईनात. शेवटी आम्हीच एस.टी.नं तिच्यासोबत गेलो.

विषय स्वयंपाकघरातलाच होता. वस्तीतल्या काही बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. कारण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. तिनं सात बोअरचं पाणी आणलं, त्यात रंगाचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडलं. लालसर पाणी निळं झालं की थांबायचं. किती द्रावण लागलं, त्यावरून पाण्याचा जडपणा कळतो. भारतीय मानकानुसार तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. दोन बोअर त्याच्याही पुढे होत्या.

परीक्षक सरांनी विचारलं, “बेटा, प्रत्येक पाणी किती वेळा तपासलंस?”

“एकदाच, सर.”

“तीनदा तपास. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर पुन्हा.”

बक्षीस मिळालं नाही. परतताना मात्र ती मे महिन्याचाच हिशेब करत होती. घरी पोहोचताच पहिला सवाल आला, “नंबर आला का?” मुलीचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांची मेहनत त्या एका सवालात बुडाली.

वाचकहो, अशी संमेलनं नंबरासाठी सुरू झाली नव्हती. मद्रासचे सायमनसन आणि लखनौचे मॅकमहन हे दोघे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. वर्षातून एकदा सगळे संशोधक एकत्र बसले तर इथल्या संशोधनाला चालना मिळेल, असं त्यांना वाटलं. त्यातून जानेवारी 1914 मध्ये कलकत्त्यात पहिली सायन्स काँग्रेस भरली. 105 शास्त्रज्ञ आले, 35 निबंध वाचले गेले. आपलं काम दुसऱ्यापुढे ठेवायचं, चूक ऐकून घ्यायची आणि ती सुधारायची, यातूनच इल्म वाढतं. जिल्ह्याच्या हॉलमध्ये पोस्टरसमोर उभ्या असलेल्या मुलीला तेच मिळत असतं.

आपल्या जलशांत जाबिर बिन हय्यान यांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतलं जातं. ‘अल्कली’ हा शब्द अरबीतून आला, हेही आपण सांगतो. पण पोरीचं पोस्टर बघायला घरातलं कुणी जात नसेल, तर त्या अभिमानाचा तिला काय उपयोग?

मुलीच्या सुरक्षेची काळजी रास्तच आहे. मग कॉलेजात विचारा: सोबत मॅडम कोण आहेत, मुक्काम कुठे, परत किती वाजता. जमलं तर स्वतः जा. आणि घरी आल्यावर नंबर विचारू नका, “आज तुला काय विचारलं?” एवढंच विचारा.

मे महिन्यात एका सकाळी आम्ही खिडकीतून पाहिलं. ती बोअरवर बाटल्या भरत होती. शेजारी अब्बू उभे होते, दुकान उघडायच्या आधी, हातात चिठ्ठ्या आणि पेन घेऊन. अल्हम्दुलिल्लाह!