झाकली मूठ आणि बेचाळीस हजार

आपल्याकडे पैशाविषयी बोलायचे झाले की माणसे आवाज खाली आणतात. आजारपणाची हकीकत बसमध्ये, बाजारात, अगदी लग्नाच्या पंगतीतही तपशीलवार सांगितली जाते. पण बँकेचा हप्ता थकला किंवा सरकारी देणे अंगावर आले, तर ते सख्ख्या भावालाही कळू दिले जात नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ती शहाणपणाची म्हणूनच ऐकत आलो. बाहेरच्या जगापुरती ती शहाणपणाची असेलही. माझे म्हणणे एवढेच की, ही मूठ घरातल्या माणसांपुढेही झाकून ठेवण्याची आपली सवय फार महाग पडते. आणि ती किती महाग पडते हे दाखवायला आयकराच्या अनपेक्षित देण्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

हे उदाहरण मला मिळाले ते गोव्यात नव्हे, गुजरातेत. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून, तापीच्या काठी कामरेज नावाचे तालुक्याचे गाव आहे. एका बाजूला उसाची शेते, दुसऱ्या बाजूला झपाट्याने उभ्या राहिलेल्या सोसायट्या, त्यांत सौराष्ट्रातून हिऱ्याच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबे. माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झाला आहे. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात तो तंत्रज्ञ आहे. दोन मुले, घराचे कर्ज, आणि गावी असलेल्या आईची औषधे. चारचौघांसारखा संसार. त्या दोघांना विचारूनच हे लिहितो आहे.

२०२१-२२ या आर्थिक वर्षात त्याने नोकरी बदलली. पहिले पाच महिने एका ठिकाणी, महिना सत्तर हजारांवर. पुढचे सात महिने दुसऱ्या ठिकाणी, महिना ऐंशी हजारांवर. पगार वाढला म्हणून घरात पेढे वाटले गेले. पहिल्या मालकाने वर्षभराचा अंदाज धरून पाच महिन्यांत १७,५५० रुपये कर कापला होता. दुसऱ्याने मात्र फक्त आपल्याकडचे सात महिने पाहिले. ते झाले ५ लाख ६० हजार. त्यातून ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ८० सी कलमाखालची दीड लाखाची गुंतवणूक वजा जाता उरले ३ लाख ६० हजार. पाच लाखांच्या आतल्या करपात्र उत्पन्नाला तेव्हाच्या जुन्या पद्धतीत सूट असल्याने कर शून्य! सात महिने हातात भरघोस पगार पडत राहिला आणि घराला वाटले, आपले दिवस पालटले.

जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरायला तो कर सल्लागाराकडे गेला, तेव्हा दोन्ही पगार एकत्र आले. ९ लाख १० हजारांतून दोन लाखांची वजावट एकदाच मिळते, दोनदा नाही. करपात्र उत्पन्न ७ लाख १० हजार, त्यावर उपकरासह कर ५६,६८० रुपये. कापलेला कर वजा जाता देणे उरले ३९,१३०, आणि आगाऊ कर न भरल्याचे व्याज धरून भरायची रक्कम झाली ४२,६७० रुपये. मुदत ३१ जुलै. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश झालेले. खात्यात जेमतेम महिनाअखेरपर्यंत पुरेल एवढी शिल्लक.

इथे कुणी चोरी केली नव्हती. नव्या नोकरीत रुजू होताना आधीच्या पगाराचा तपशील नव्या मालकाला द्यायचा असतो, त्यासाठी तेव्हा फॉर्म १२ बी होता. तो दिला असता तर हीच रक्कम सात महिन्यांच्या पगारातून थोडी थोडी कापली गेली असती आणि कुणाला जाणवलीही नसती. फॉर्मचे आकडे बदलतात, तत्त्व बदलत नाही. ज्या वाचकांची मुले पुण्या-बंगळुरात दरवर्षी नोकऱ्या बदलत आहेत, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

पण माझा विषय फॉर्म नाही. माझा विषय पुढचा आहे.

माझ्या मावसभावाने ही गोष्ट घरात सांगितली नाही. "दोन महिन्यांसाठी एक काम आहे" म्हणून त्याने बायकोकडे तिच्या पाटल्या मागितल्या. त्या तिच्या आईने दिलेल्या. तिने काही न विचारता दिल्या. पाटल्या सोनेतारणात गेल्या, कर मुदतीत भरला गेला, प्रकरण मिटले असे त्याला वाटले. ऑक्टोबरात सोनेतारणाच्या व्याजाची आठवण करून देणारा संदेश फोनवर आला, तो नेमका मुलाने वाचला आणि आईला वाचून दाखवला.

त्या दिवाळीत मी कामरेजला गेलो होतो. घरात फराळ होता, आकाशकंदील होता, आणि दोघांत नेमके कामापुरते बोलणे होते. दुपारी वहिनी मला म्हणाली, "भावजी, पाटल्या गेल्या त्याचं एवढं नाही हो. ब्लाऊज शिवून साठवलेले अठरा हजार माझ्याकडे भिशीत होते. मला विचारलं असतं तर ते नसते का दिले? निम्म्या सोन्यावर भागलं असतं." तो बाजूलाच बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तुला उगीच घोर कशाला, म्हणून बोललो नाही."

हे वाक्य आपल्या किती घरांत बोलले जात असेल! त्यात प्रेम आहे हे मी नाकारत नाही. पण त्या प्रेमाच्या आड एक गृहीतही लपलेले आहे. पैशाची अडचण ही कर्त्या पुरुषाची, आणि त्या अडचणीसाठी लागणारे सोने मात्र बाईचे. घरातल्या कर्जाची पहिली खबर बाईला दागिन्यांमार्फत मिळते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. उलट बाजूही सांगायला हवी. बायकाही भिशी, उसनवारी, माहेरची देणी नवऱ्यापासून लपवून ठेवतात. मुठी दोन्हीकडच्या झाकलेल्या. एका घरात ४२ हजारांची चिंता आणि १८ हजारांची शिल्लक एकाच छपराखाली महिनोन् महिने राहिली, पण त्यांची गाठ पडली नाही.

कर ही गोष्ट अशी चोरून भोगण्याची पूर्वी नव्हती. हिंदुस्थानात आयकर आणला तो जेम्स विल्सनने, १८६० मध्ये, १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरतेच्या लोकांनी दुकाने बंद करून या कराला विरोध केला. त्याआधी १८४४ मध्ये मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हाही सुरत रस्त्यावर उतरली होती आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली होती. (कामरेज त्या काळी इंग्रजांकडे नव्हते, बडोद्याच्या गायकवाडीत होते. त्याहून मागे गेलो तर नवसारीच्या चालुक्यांच्या सातव्या शतकातील ताम्रपटांत 'कार्मणेय' असे नाव येते, ते कामरेजचेच असे अभ्यासक मानतात. ताम्रपट म्हणजे तरी काय, कोणत्या गावाचे उत्पन्न कोणाला आणि कोणता कर माफ, याचाच कागद. तो चारचौघांना दाखवण्यासाठीच तांब्यावर कोरलेला असे.) त्या बंडांचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. कर भरलाच पाहिजे. पण तेव्हा कराची अडचण साऱ्या बाजाराची होती. आज ती फोनवरच्या एका संदेशातून येते, एकट्या माणसाला गाठते, आणि तो माणूस ती गुन्ह्यासारखी खिशात लपवतो. आपला हिशेब चुकला म्हणजे आपण करबुडवे ठरलो, असे त्याला वाटते. देणे निघणे आणि कर बुडवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे त्याला सांगायला शेजारी कोणी नसते.

आता आपल्या गोव्याकडे वळू. या बाबतीत आपण स्वतःला वेगळे समजतो आणि कागदावर आहोतही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० मध्ये लागू झाला, आणि त्यातल्या समाईक मालमत्तेच्या तत्त्वानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायको निम्म्या निम्म्या वाट्याचे धनी. मुक्तीनंतर भारताचा आयकर कायदा इथे आला तेव्हा या तत्त्वाचे काय करायचे यावर बराच काळ वाद चालले. शेवटी १९९४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ५ ए हे कलम घातले, तेही १ एप्रिल १९६३ पासूनच्या पूर्वलक्षी परिणामाने. भाडे, व्याज, धंद्याचा नफा असे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न पती-पत्नीत समान वाटून दोघांच्या नावे धरायचे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम ठेवली आहे. बाकी देशातल्या बहुतेक बायकांना कराच्या कागदावर जे स्थान नाही, ते गोमंतकीय बाईला आहे.

पण आपण त्याचे काय केले? मी पाहतो त्या बहुतेक घरांत ५ ए म्हणजे 'एक जादा तक्ता भरायची कटकट'. बायकोचा पॅन नंबर नवऱ्याच्या पाकिटात, तिचा पासवर्ड सीएच्या संगणकात, आणि आपल्या नावावर किती उत्पन्न दाखवले आहे हे तिला विचारले तर ती नवऱ्याकडे पाहते. कायद्याने अर्धा वाटा दिला, घराने तिला अर्धी माहितीही दिली नाही. शिवाय पगार या वाटणीतून वगळलेला आहे. म्हणजे नोकरदारांच्या घरात तर कायदा हिशेबाच्या टेबलापाशी बायकोसाठी खुर्ची ठेवतच नाही. ती घरानेच ठेवायची आहे. कामरेजमध्ये असो वा काणकोणात.

यावर कोणी म्हणेल, सगळे सांगून काय होणार, पैसे थोडेच वाढणार? पैसे वाढत नाहीत, पण वाटा वाढतात. चार डोकी एकत्र आली की कुणाला भिशी आठवते, कुणाला पुढे ढकलता येणारा खर्च दिसतो, कुणी विचारते की खात्याकडे मुदत मागता येते का. आणि ती मागता येते. आयकर खात्याची मागणीची नोटीस आली तर भरायला साधारणपणे ३० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत अर्ज केला तर अधिकारी मुदत वाढवून किंवा हप्ते बांधून देऊ शकतो. व्याज महिन्याला एक टक्का लागते, ते मोजून घ्यावे. मागणीच चुकीची असेल तर संकेतस्थळावर असहमती नोंदवता येते. गप्प बसणे हा मात्र उपाय नव्हे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सरकारने २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या दहा हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या मागे घेतल्या. सुमारे एक कोटी करदात्यांना त्याचा लाभ होईल असे तेव्हा सांगितले गेले. एवढ्या लोकांच्या नावावर लहान लहान देणी वर्षानुवर्षे पडून होती! त्यांतल्या किती घरांत ती ठाऊक होती, कोण जाणे.

कामरेजच्या त्या सोसायटीत शेजारी हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर राहतात. रत्नकलाकार म्हणतात त्यांना. त्यांना आयकराची चिंता क्वचित. त्यांची चिंता काम थांबण्याची. गेल्या काही वर्षांत हिऱ्याच्या धंद्यात मंदी आली, आणि मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने अशा कारागिरांच्या मुलांची एका वर्षाची शाळेची फी, १३,५०० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, भरण्याची योजना जाहीर केली. अडचण धंद्याची, पण ती शेवटी पोचते शाळेच्या फीपर्यंत, हे सरकारलाही कळले. मग घराने ते आपसात बोलायला संकोच का करावा?

मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आपल्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर आपण दुधाचे खाडे लिहितो, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. त्याच दिनदर्शिकेवर चार तारखांना गोल करावा : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. या आगाऊ कराच्या तारखा. कर कापून घेऊनही वर्षाला दहा हजार किंवा त्याहून जास्त देणे निघणार असेल, तर पगारदारालाही त्या लागू होतात. त्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास घरातल्या मोठ्यांनी बसावे, कळत्या मुलांनाही बसवावे, आणि आलेले, गेलेले, कापलेले, राहिलेले असे सगळे मोठ्याने वाचावे. गुजराती व्यापारी दिवाळीला चोपडीची पूजा करतो, कारण चोपडी उघडी राहिली तर धंदा टिकतो हे त्याला माहीत असते. संसार हा धंदा नव्हे, पण त्याचीही चोपडी असतेच, आणि ती एकट्याच्या डोक्यात राहू नये.

वहिनीच्या पाटल्या २०२३ च्या गुढीपाडव्याआधी सुटल्या. तिची भिशी लागली, त्यात त्याने थोडी भर घातली. आता त्यांच्याकडे असा हिशेब बसतो, आणि त्यात भांडणेही होतात, असे दोघे सांगतात. होऊ देत. मूठ झाकायची तर जगापुढे झाकावी. घरात ती उघडली तर सव्वा लाख नसेल कदाचित, पण आत नेमके काय आहे हे तरी सगळ्यांना कळेल, आणि उरलेली रक्कम कुणाकडून यायची तेही.