तेलाचा हयातीचा दाखला

"सर, पुरानी गाडी है, मत छेडो."

घोडपदेवच्या ज्या गॅरेजात मी गेली सहा वर्षं गाडी नेतो, तिथल्या उस्तादांचं हे वाक्य. गाडी २०११ची, ऑटोमॅटिक, १,६२,००० किलोमीटर चाललेली. प्रश्न एवढाच होता की गिअरबॉक्सचं तेल बदलायचं की नाही. उस्ताद म्हणाले, आजवर कधी बदललेलं नाही, आता बदललंत तर गिअरबॉक्स बसेल. मग शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारलं, मेहुण्याला विचारलं, इमारतीत खाली टॅक्सी लावणाऱ्या चाचांना विचारलं. चाचांनी आयुष्यात ऑटोमॅटिक चालवलेली नाही, पण मत त्यांचंही पक्कं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच: चालतेय ना? मग चालू दे.

मला या 'चालू दे'शी भांडायचं आहे.

आधी गाडी कोणाची, ते सांगतो. गाडी माझ्या धाकट्या बहिणीची. लहानपणी तिला पोलिओ झाला, डावा पाय अधू राहिला. नोकरी वाशीला. लोक म्हणतात, कॉटन ग्रीनहून वाशीला थेट हार्बर लोकल जाते, मग गाडीची चैन कशाला? असं म्हणणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी एका पायावर भार देऊन लोकलच्या दारात शिरून बघावं. अपंगांचा डबा असतो हे मला माहीत आहे, आणि त्यात कोण कोण चढतं हेही माहीत आहे. साध्या गाडीचा क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो. म्हणजे तिच्यासाठी ऑटोमॅटिक गिअर हा श्रीमंती थाट नाही, तो तिचा डावा पाय आहे. म्हणून तो गिअरबॉक्स बसला तर बसला, असं मला म्हणता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी दिसायला लागल्या. सकाळी गाडी सुरू करून दांडा 'डी'वर आणला की एक-दोन सेकंद काहीच होत नसे, मग एकदम धक्का. आणि दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना बारीकसा झटका. गाडी आम्ही २०१९ साली जुन्या बाजारातून घेतली, तेव्हा ७४,००० किलोमीटर झाले होते. सर्व्हिसचं पुस्तक काढून पाहिलं. इंजिन ऑइलचे शिक्के ओळीने. गिअरबॉक्सच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ते लाइफटाइम ऑइल आहे."

मी वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. यंत्र हा माझा विषय नाही. पण शब्दांची लबाडी ओळखणं हा माझा धंदा आहे, आणि 'लाइफटाइम' या शब्दात लबाडी आहे. मराठीत याला 'तहहयात' म्हणतात. फारसीतून आलेला शब्द, मूळ 'ता हयात'. 'ता' म्हणजे पर्यंत, 'हयात' म्हणजे आयुष्य. आयुष्य असेपर्यंत. पण कोणाचं आयुष्य? माझ्या बहिणीचं? गाडीचं? की वॉरंटीचं? तेल तहहयात आहे असं सांगताना हयात कोणाची, हे कोणी सांगत नाही. गिअरबॉक्स मेला त्या दिवशी तेलाची हयातही संपलीच की! व्याख्याच अशी केली आहे की ती खोटी पडूच शकत नाही.

गिअरबॉक्स बनवणारे काय म्हणतात, ते बघा. जर्मनीची झेडएफ ही कंपनी अनेक मोठ्या मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तिची स्वतःची शिफारस अशी की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांनी तेल बदला. डबा बनवणारा आठ वर्षं म्हणतो आणि डबा विकणारा तहहयात म्हणतो. मी कोणावर विश्वास ठेवू? आपल्याकडे पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्याकडून सरकार दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागतं. माणूस जिवंत आहे याचा वर्षाला पुरावा लागतो. या तेलाकडे १४ वर्षं कोणी दाखला मागितला नाही.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण 'तेल म्हणजे तेल, त्यात काय' हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. इंजिनची ताकद चाकांकडे नेताना ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका पंख्याने तेल ढवळायचं आणि त्या तेलाने समोरचा दुसरा पंखा फिरवायचा, अशी रचना. म्हणजे ताकद वाहून नेणारी वस्तूच तेल. गिअर बदलतात तेही तेलाच्या दाबाने. आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना धरतात, त्या किती हळुवार आणि किती घट्ट धराव्यात हे तेलातली रसायनं ठरवतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल माशाची चरबी मिसळत. व्हेल वाचवण्यासाठी बंदी आली, तेव्हा तिच्या तोडीचा पर्याय शोधताना तिथल्या रसायनतज्ज्ञांना घाम फुटला. एवढं नाजूक काम ज्या द्रवाकडून करून घ्यायचं, ती रसायनं उष्णतेने झिजतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा तेलवाल्यांचा ठोकताळा. आणि उष्णता सर्वांत जास्त कधी तयार होते? गाडी पळताना नाही, रांगताना. लालबागला, मानखुर्दला, वाशीच्या खाडीआधी. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात देखभालीचे दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा, दुसरा कठीण वापराचा. कठीण म्हणजे काय, याची यादी वाचा: उष्ण हवा, थांबत-थांबत चालणारी रहदारी, छोटी अंतरं. ही मुंबईची व्याख्या आहे. आपण सगळे दुसऱ्या तक्त्यातले रहिवासी, आणि सल्ला मात्र पहिल्या तक्त्यातला ऐकतो.

राहिला उस्तादांचा मुद्दा. तो मी हसून उडवणार नाही, कारण ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरंच अशा गाड्या पाहिल्या आहेत, ज्यांचं तेल बदललं आणि आठवड्यात गिअरबॉक्स बसला. पण त्या गाड्यांचे मालक तेल बदलायला आले कधी? गिअर घसरायला लागल्यावर. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, अशी अवस्था झाल्यावर. आतल्या चकत्या तोवर जळून गेलेल्या असतात, आणि त्यांचाच भुगा जुन्या तेलात तरंगत थोडीफार पकड देत असतो. ते तेल काढलं की उरलीसुरली पकडही जाते, हे खरं. पण ती गाडी तेल बदलण्याने मेली असं म्हणणं म्हणजे शेवटच्या घटकेला हकीम बोलवायचा आणि रुग्ण दगावला की हकिमाच्या नावाने बोटं मोडायची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच. शिवाय ज्यांनी वेळेवर तेल बदललं त्यांच्या गाड्या उस्तादांकडे गिअरबॉक्ससाठी येतच नाहीत. त्या त्यांच्या अनुभवात मोजल्या जाणार कुठून?

तेव्हा गाडी किती जुनी आहे हा प्रश्नच नाही. आत्ता आतली अवस्था काय आहे, हा प्रश्न आहे. आणि ती बघता येते. आमच्या वस्तीला कॉटन ग्रीन हे नाव ज्यामुळे पडलं, तो कापसाचा बाजार आता उरलेला नाही, हिरवी इमारत तेवढी आहे. पण त्या धंद्यातला जाणकार गाठीतला चिमूटभर कापूस बोटांत ओढून तंतूची लांबी पाही आणि मग भाव बोले. नमुना न बघता बोलणाऱ्याला त्या बाजारात कोणी उभं केलं नसतं. इथे मात्र बॉनेटही न उघडता 'मत छेडो'.

मी उस्तादांना म्हटलं, नमुना बघू. तेलाची पट्टी काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. नवं तेल लाल असतं, अगदी रूह अफ़्ज़ासारखं. आमचं चहाच्या रंगाचं निघालं. पण नुसत्या रंगावर जाऊ नये, काही तेलं चांगली असूनही लवकर काळवंडतात. वास घ्यावा. जळका वास नव्हता. थेंबात कण नव्हते. (तेच तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, म्हणजे रूह अफ़्ज़ात दूध घातल्यासारखं, तर आत पाणी शिरलं आहे. हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की तपासा. तिथे मग चर्चा नको, त्याच दिवशी तेल काढा.) गिअर घसरत नव्हता, फक्त अडखळत होता. म्हणजे रुग्ण आजारी होता, मरणपंथाला लागलेला नव्हता.

तरी उस्ताद तयार होईनात. गिअरबॉक्स बसला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, आणि नाव त्यांचं खराब. बहीण तिथेच उभी होती. म्हणाली, "भाईजान, बसायचाच असेल तर इथे गॅरेजच्या दारात बसू दे. वाशीच्या पुलावर नको."

यावर उस्तादांकडेही उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही.

मग प्रश्न आला कसं बदलायचं. दुसऱ्या एका ठिकाणी मशीन लावून दाबाने सगळं तेल एका झटक्यात बदलून देतो म्हणाले, वर सफाईचं औषध फुकट. जुन्या गिअरबॉक्सला मी तसं करू देणार नाही. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ दाबाने उठला आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकला, तर उस्तादांचं भाकीत आपणच खरं करून दाखवू. 'छेडू नका' म्हणणारे एका टोकाला आणि हे फुकटच्या औषधवाले दुसऱ्या टोकाला. दोघांनाही आत बघायचं नाही, हे साम्य.

आम्ही साधा रस्ता धरला. खालचा बोल्ट काढायचा, येईल तेवढं तेल येऊ द्यायचं, मोजायचं, तेवढंच नवं भरायचं. जास्त भरलं तर फेस होतो, कमी भरलं तर दाब पडतो. आमच्या गाडीत एकूण साधारण ६ लिटर तेल, त्यातलं २.५ लिटर खाली येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. म्हणजे एका खेपेला ४२ टक्के तेल नवं. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तेच केलं की ६६ टक्के. तिसऱ्या खेपेला ८०. सातवीच्या मुलांना शेकडेवारीचं उदाहरण म्हणून हे घालावं असं गणिताच्या सरांना सुचवलं, त्यांनी मनावर घेतलेलं नाही.

तेल मी स्वतः आणलं, पुस्तकात लिहिलेल्या नावाचंच. इथे अजिबात तडजोड नको. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली आपण तीन-चार वेगळी यंत्रं कोंबली आहेत. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात, त्यात हे तेल घातलं तर पट्टा घसरून वाट लागेल. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेली एएमटी तर मुळात साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला फक्त यंत्र बसवलेलं. तिला हे लाल तेल लागतच नाही. तेव्हा आपल्या गाडीत नक्की काय आहे, हे आधी विचारा. दुकानदाराला नको, पुस्तकाला.

पहिल्या खेपेला बोल्टच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप निघाला. उस्तादांनी तो बोटावर चोळून पाहिला. तुकडे नव्हते, किस नव्हता. "ठीक है," एवढंच म्हणाले. १४ वर्षांच्या वापराला तेवढा लेप माफ आहे. कपच्या निघाल्या असत्या, तर मीही बोल्ट लावून मुकाट्याने घरी आलो असतो आणि नव्या गिअरबॉक्ससाठी पैसे बाजूला टाकायला लागलो असतो.

दुसरी खेप महिन्याने झाली. सकाळचा धक्का गेला. दुसऱ्या-तिसऱ्यामधला झटका कमी झाला, पूर्ण गेलेला नाही, आणि तो जाईल असं मी बहिणीला सांगितलेलंही नाही. पहिल्या खेपेचं तेल पाण्याच्या बाटलीत भरून उस्तादांनी फळीवर ठेवलंय. परवा एकजण तसलीच जुनी ऑटोमॅटिक घेऊन आला, तेव्हा त्यांनी आधी पट्टी काढली आणि कागद मागितला. तिसरी खेप पावसाआधी, मेच्या दुसऱ्या रविवारी. तेल मी घेऊन ठेवलंय.